मोटारीच्या माहेरी

लेकीच्या घरी गेलेल्या बापाने दोन विषयांवर मत देऊ नये, असे आमच्या सौभाग्यवतींनी विमानात बसल्यापासून मला चार वेळा बजावले होते. एक जावयाचा पगार आणि दुसरा जावयाची मोटार. पगाराबद्दल मी शेवटपर्यंत मौन पाळले. मोटारीच्या बाबतीत मात्र गोथेनबर्गच्या विमानतळाबाहेरच माझी जीभ घसरली.

त्याला कारणही तसेच होते. स्वीडनसारखा धनवान देश, त्यातून गोथेनबर्ग म्हणजे व्होल्व्होचे गाव, आणि आमचे इंजिनियर जावईबापू आम्हांला न्यायला आले ते अठरा वर्षांच्या एका करड्या गाडीतून! गाडी ऐसपैस होती, हे कबूल केले पाहिजे. मेतकूट, लोणची, भाजणी नि चकलीचा सोऱ्या यांनी फुगलेल्या आमच्या चारही पेट्या तिने एका घासात गिळल्या. पण मी पडलो जुना ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षे चिंचवडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात रेघा ओढण्यात गेली. नजर आधी खोटीवर जाते. गाडीचे मागचे दार बाकीच्या अंगापेक्षा किंचित फिकट होते.

"हे दार नवीन बसवलेलं दिसतंय," मी म्हणालो.

"हो, आधीचं खराब झालं होतं," लेक म्हणाली, आणि लगेच आईकडे वळून मेतकुटाची चौकशी करू लागली.

दारावर नाव होते 'साब' आणि बाजूला आकडे '९-५'. "नऊ ते पाच? हे मोटारीचं नाव की कचेरीची वेळ?" मी विचारले.

"नऊ-पाच, बाबा," जावई हसून म्हणाला. "स्वीडनमधली मोठी बाब्याची गाडी होती ही. डॉक्टर, प्रोफेसर, कंपन्यांचे मॅनेजर यांची आवडती."

"होती म्हणजे?"

"कारखाना २०११ साली बुडाला."

झाले! बंद पडलेल्या कारखान्याची गाडी बाळगणे म्हणजे वारलेल्या वैद्याचे औषध चालू ठेवण्यासारखे, असे एक सुभाषित मी तिथल्या तिथे रचले आणि पुढचे दोन आठवडे संधी मिळेल तेव्हा ऐकवले. "विकून टाका ही गाडी" हे पालुपद जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा झाले, की सौभाग्यवती आमटी वाढताना डावाने खूण करू लागल्या. अखेर एका शनिवारी रात्री जावई म्हणाला, "बाबा, उद्या हिला हिच्या माहेरी घेऊन जाऊ. तुम्ही तिथं बघा आणि मग काय ते सांगा."

रविवारी सकाळी मोठ्या मनाने त्याने किल्ली माझ्या हाती दिली. "तुम्ही पुढं बसून गाडी सुरू तरी करा." मी स्टिअरिंगखाली चाचपले, डावीकडे चाचपले, उजवीकडे चाचपले. किल्लीचे भोक काही सापडेना. मागच्या सीटवर खुसखुस सुरू झाली. ते भोक निघाले दोन खुर्च्यांच्या मध्ये, गिअरच्या दांड्यामागे! साबची ही जुनी खोड. अपघातात गुडघा पुढे आपटला तर किल्ली त्यात घुसू नये, हा त्यातला एक विचार. शिवाय गिअर हाताने टाकायच्या गाडीत रिव्हर्स टाकल्यावाचून किल्ली बाहेर निघतच नाही. म्हणजे मोटार चोरायची तर चोराने उलटे चालायला शिकले पाहिजे!

ट्रोलहेट्टान गोथेनबर्गच्या उत्तरेला सुमारे पाऊणशे किलोमीटरवर. रस्ता येता नदीची साथ धरून जातो. दुतर्फा सूचिपर्णी झाडांची दाटी, मधूनच तांबड्या रंगाची, पांढऱ्या चौकटींची लाकडी घरे, आणि थोड्या थोड्या अंतरावर पिवळ्या पाटीवर एका थोराड हरणाचे चित्र. हा एल्क. वजन घोड्याएवढे, पण पाय इतके लांब, की मोटारीने धडक दिली तर पाय पुढच्या पत्र्याला लागतात आणि सारे धूड काचेवर येऊन आदळते. म्हणून साबचे लोक एल्कच्या अंगासारखे जड भारे करून त्यांवर गाड्या आदळून पाहत आणि काचेच्या बाजूचे खांब मजबूत करीत. आपल्याकडे रस्त्यात गाय बसते, पण तिच्यासाठी मोटारीचा खांब कुणी जाड केल्याचे ऐकिवात नाही.

ट्रोलहेट्टान हे पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. येथे नदी सुमारे बत्तीस मीटर खाली उतरते. धबधबा पाहायचा म्हणून आम्ही पुलावर उभे राहिलो, तर खाली नुसते कोरडे काळे खडक! "दुष्काळ आहे की काय?" सौभाग्यवतींनी विचारले. तर नाही. नदी कामावर गेली होती. तिचे पाणी वळवून वीजघरांत नेतात. ओलिदान नावाचे थोरले दगडी वीजघर १९१० सालापासून काठावर उभे आहे. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी दारे उघडून धबधब्याला तेवढ्यापुरती मोकळीक देतात. त्या दिवशी दुपारी पाणी सुटणार होते. तोवर आम्ही मोटारींचे संग्रहालय पाहायला निघालो.

या गावाचे सारे वैभव त्या पाण्यातून आले. १८०० साली येथे पायऱ्यापायऱ्यांचे जलपाश बांधून कालवा सुरू झाला आणि जहाजे धबधब्याला वळसा घालून वर चढू लागली. १८४७ साली काठावर यंत्रशाळा निघाली; तीत पुढे आगगाडीची इंजिने होऊ लागली. १९३० साली त्याच परिवारात विमानांची इंजिने आली, आणि १९३७ साली विमाने बांधणारी कंपनी निघाली. 'स्वीडिश विमान कंपनी' या अर्थाच्या नावातली आद्याक्षरे म्हणजे 'साब'. महायुद्ध संपले, लढाऊ विमानांची मागणी ओसरणार हे दिसू लागले, तेव्हा या मंडळींनी मोटार करायचे ठरवले. पहिल्या तुकडीतल्या सोळा जणांपैकी मोटार चालवण्याचा परवाना दोघांकडेच होता, असे सांगतात. १९४७ साली पत्रकारांना दाखवलेली ती पहिली नमुना गाडी या संग्रहालयात आहे. विमानाचा पंख कापून खाली चार चाके लावावीत, तसे तिचे रूप! १९४९ च्या डिसेंबरात 'साब ९२' कारखान्यातून बाहेर पडू लागली. सुरुवातीला रंग एकच, हिरवा. विमानांसाठी आणलेला रंग शिल्लक होता म्हणून, असा प्रवाद आहे. काटकसर म्हणजे काय, हे मध्यमवर्गीयांना समजावून सांगायला नको.

संग्रहालयात एक वृद्ध गृहस्थ भेटले. उंच, किंचित वाकलेले, अंगात निळा स्वेटर. आधी कारखान्यात एकतीस वर्षे जोडणी विभागात होते; आता आठवड्यातून दोन दिवस येथे येऊन पाहुण्यांना माहिती देतात. मीही कारखान्यातला, हे कळताच त्यांनी माझा हात हातात धरला तो बराच वेळ सोडला नाही. ते मला एका चौकोनी, घरंदाज दिसणाऱ्या गाडीपाशी घेऊन गेले.

"ही ९०००," ते इंग्रजीत म्हणाले. "तुमच्या गाडीची आई."

मोठी गाडी काढावी ही साबची फार दिवसांची इच्छा. पण छोट्या कंपनीच्या खिशात एवढा पैसा कुठला? म्हणून १९७८ साली इटलीच्या फियाट आणि लान्सिया यांच्याशी करार झाला. पुढे आल्फा रोमिओही त्यात आली. एकच पाया खणायचा, खर्च वाटून घ्यायचा आणि वर ज्याने त्याने आपापले घर बांधायचे. चार भावांनी सामाईक वाडा बांधावा तसा हा बेत. पण वाडा बांधताना एका भावाला भिंती अधिक जाड हव्या असल्या म्हणजे काय होते? साबच्या इंजिनियरांना गाडीचा पुढचा भाग अधिक दणकट हवा होता, बाजूने धडक बसली तर दारे टिकायला हवी होती. हे बदल, ते बदल, करता करता सामाईक असे फारच थोडे उरले. खर्च वाचवायला केलेल्या करारात खर्च काही म्हणावा तसा वाचला नाही. १९८४ च्या मे महिन्यात ९००० लोकांपुढे आली. बाहेरून बेताची, आत मात्र इतकी प्रशस्त, की अमेरिकन सरकारच्या मोजणीत ती 'मोठी गाडी' ठरली.

"आणि किल्ली?" मी मुद्दाम विचारले.

म्हातारबुवा खट्याळपणे हसले. ९००० मध्ये किल्ली इतर गाड्यांसारखी स्टिअरिंगपाशी होती! साबच्या जुन्या भक्तांना ते कधीच रुचले नाही. ९-५ मध्ये ती पुन्हा खुर्च्यांमध्ये आली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

१९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत तालादेगाच्या शर्यतीच्या मैदानावर तीन ९००० टर्बो सोडल्या. रात्रंदिवस, वीस दिवस. पेट्रोल, देखभाल नि चालक बदलणे एवढ्यापुरत्याच थांबत तिघींनी प्रत्येकी एक लाख किलोमीटर पुरे केले. म्हणजे पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा. सर्वांत वेगवान गाडीची सरासरी होती ताशी २१३ किलोमीटर. टर्बोची युक्ती साबने १९७७ साली '९९' या गाडीत दाखवली होती: इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवायचे आणि त्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. वाया जाणाऱ्यातून काम काढायचे. आमच्या आजीला ही कंपनी पसंत पडली असती.

१९९८ पर्यंत पाच लाखांहून थोड्या अधिक ९००० निघाल्या. या काळात घर मात्र बदलले होते. १९९० साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मोटार कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला आणि २००० साली उरलेलाही. मोठ्या घरी दत्तक गेलेल्या मुलाचे जे होते तेच झाले: खायला-प्यायला मिळाले, पण मन मारून राहावे लागले. १९९७ साली ९-५ आली ती नव्या घरच्या सांगाड्यावर. तरी या लोकांनी आपला हट्ट सोडला नाही. रात्री गाडी चालवताना डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून एक बटण दाबले की वेगाचा काटा सोडून सगळे दिवे मालवतात. ही विमानाच्या कोठडीतली शिकवण. सहा नळकांड्यांच्या इंजिनात तीन नळकांड्यांच्या धुरावर टर्बो फिरवायचा आणि हवा मात्र साहींना वाटायची, हा प्रकारही तिच्यात होता.

"तुमची कुठे आहे?" म्हातारबुवांनी विचारले. "बघू या तरी."

आम्ही सारे बाहेर आलो. त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला, गोठ्यात आपण गाईच्या पाठीवरून फिरवतो तसा. एक फेरी मारून ते मागे गेले आणि थांबले. माझी नजर गेली होती तिथेच त्यांची नजर गेली. फिकट दारावर बोट ठेवून त्यांनी माझ्या लेकीकडे पाहिले.

"पाठीमागून?"

लेकीने मान खाली घातली. जावई उगाच किल्ल्या मोजू लागला. सौभाग्यवतींचा चेहरा पाहून मला कळले, की यातले मला जेवढे ठाऊक नाही तेवढेच तिलाही नाही.

"फेब्रुवारीत, बाबा," लेक मराठीत म्हणाली. "सिग्नलला उभी होते. बर्फ पडलं होतं. मागून एक मालवाहू गाडी घसरत आली. मला काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. फोनवर सांगितलं असतं तर आई तिकडं झोपली नसती."

कुणीच बोलेना. भाषा न कळूनही म्हातारबुवांना सगळे कळले असावे. त्यांनी पुढचे दार उघडले, मला जवळ बोलावले आणि खुर्चीच्या पाठीत वरच्या बाजूला मूठ जोराने दाबली. वरची डोके टेकायची उशी हळूच पुढे आणि वर सरकली. मूठ काढली, उशी परत जागेवर.

मी वाकून पाहिले. मग माझी मूठ दाबून पाहिली. एकदा, दोनदा, तीनदा. आत वीज नाही, स्फोटक नाही, काही नाही. आहे ती एक साधी तरफ! मागून धक्का बसला की माणसाची पाठ खुर्चीत रुतते. त्या पाठीच्याच भाराने तरफ दबते आणि उशी पुढे येऊन, मान मागे हिसकण्याआधी डोके झेलते. ९-५ ही अशी खुर्ची मुळापासून घेऊन आलेली जगातली पहिली गाडी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साबच्या जुन्या खुर्च्यांशी तुलना केली, तेव्हा मानेच्या दुखापती पाऊण हिश्शाने कमी झालेल्या आढळल्या. पुढे इतर कंपन्यांनीही अशा खुर्च्या आणल्या. चौतीस वर्षे मी ड्रॉइंगे काढली. त्यातली किती कोणाच्या मानेमागे उभी राहिली असतील, देव जाणे. कुण्या अनोळखी ड्राफ्ट्समनने या गावात बसून एक तरफ आखली होती, आणि फेब्रुवारीतल्या त्या दुपारी माझ्या लेकीचे डोके तिने झेलले होते.

"ही जोडणी आमच्याच विभागात व्हायची," म्हातारबुवा म्हणाले. एवढेच.

पुढची हकीकत त्यांनी बाकावर बसून सांगितली. पहिल्या पिढीच्या ९-५ सुमारे चार लाख ८३ हजार निघाल्या. बारा वर्षे तीच गाडी थोडी थोडी सजवून चालवली, कारण नवीला पैसा मिळेना. नवी ९-५ अखेर २००९ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात दिसली, तर तोवर जनरल मोटर्सच स्वतः दिवाळखोरीच्या कोर्टातून जाऊन आली होती. त्याच डिसेंबरात जुन्या ९-५ चे साचे चीनमधील कंपनीला विकले गेले. २०१० साली स्पायकर या छोट्या डच कंपनीने साब घेतली आणि नवी ९-५ बाजारात आली. पण पुढच्याच वसंतात माल पुरवणाऱ्यांची देणी थकली आणि पट्टा थांबला. पगार लांबू लागले. चीनमधून पैसा येण्याची बोलणी झाली. नव्या गाडीतले तंत्र मात्र जनरल मोटर्सचे, आणि ते परक्या हाती जाऊ द्यायला ती राजी नव्हती. १९ डिसेंबर २०११, सोमवार. नाताळ सहा दिवसांवर आला असताना कंपनीने कोर्टात दिवाळखोरी जाहीर केली. तीन हजारांहून अधिक माणसे कामावर होती. नव्या ९-५ निघाल्या त्या अकरा हजारांच्या आसपास.

ऐकताना मला परळची आमची चाळ आठवली. वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी नुकताच चिंचवडला नोकरीला लागलो होतो. सुट्टीला घरी आलो की वडील पहाटे ठरल्या वेळी उठून बसलेले दिसत. भोंगा होत नव्हता, पण त्यांना ऐकू येई. त्यांनी एक जुना धोटा घरी आणून ठेवला होता आणि अधूनमधून ते त्याला तेल लावीत. कशाला, असे विचारण्याची माझी कधी छाती झाली नाही. निळ्या स्वेटरमधल्या या गृहस्थांना आठवड्यातून दोन दिवस येथे का यावेसे वाटते, हेही मी विचारले नाही.

या गाड्याही जाणार होत्या. दिवाळखोरीनंतर, २०१२ च्या आरंभी, संग्रहालयातल्या सुमारे सव्वाशे गाड्या विक्रीला निघाल्या. तेव्हा गावच्या नगरपालिकेने, विमाने बांधणाऱ्या साब कंपनीने आणि वॉलेनबर्ग घराण्याच्या एका प्रतिष्ठानाने मिळून दोन कोटी ऐंशी लाख क्रोनर मोजले आणि सारा संग्रह जागच्या जागी राखला. हजारो लोकांचे पगार बुडालेल्या गावाने जुन्या मोटारींवर पैसा घालावा की नाही, यावर घरोघरी वाद झाले असतील. पण मूठ दाबून पाहिल्यावर मला तरी तो खर्च उधळपट्टीचा वाटेना. सुटे भाग पुरवणारी शाखाही वेगळी कंपनी होती, ती या वादळातून तरली. जावयाच्या गाडीला भाग मिळतात ते त्यामुळे. गाव बसले नाही. विमानांच्या इंजिनांचे काम चालूच आहे, आणि जुन्या यंत्रशाळांच्या आवारात आता चित्रपटही तयार होतात.

तीन वाजता आम्ही पुन्हा पुलावर आलो. म्हातारबुवाही आमच्याबरोबर आले. पुलावर बरीच माणसे जमली होती. मुले बापांच्या खांद्यावर बसली होती. दूर कुठेतरी दारे उघडली. आधी खडकांच्या कडेने एक पांढरी रेघ आली, मग दुसरी, आणि बघता बघता सेकंदाला तीन लाख लिटर पाणी गर्जत, फेसाळत खाली झेपावू लागले. कोरड्या खडकांत मघाशी नदी नव्हती असे कोण म्हणेल? तुषार चेहऱ्यावर येत होते. सौभाग्यवतींनी लेकीचा दंड घट्ट धरून ठेवला होता, पाणी ओसरेपर्यंत सोडला नाही. तुषारांमुळे डोळे पुसायची सोय झाली.

निरोप घेताना म्हातारबुवांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिला तेल वेळच्या वेळी घाला."

परतीच्या वाटेवर मी पुढच्या खुर्चीत बसलो. संध्याकाळ लांबत चालली होती. तिकडच्या उन्हाळ्यात दिवस मावळायचे नावच घेत नाही. कुणी फारसे बोलत नव्हते. मी मान मागे टेकवली. ती उशी डोक्यापासून दोन बोटांवर होती, आपले काम येईपर्यंत मुकाट उभी.

गोथेनबर्ग जवळ आले तसे जावयाने घसा खाकरला. "मग बाबा, काय ठरलं? विकायची?"

मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले.

"त्या मागच्या दाराला तेवढा रंग नीट लावून घ्या," मी म्हणालो. "एकसारखा."